उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड नको

काही ठिकाणी उवा मारायला सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावतात. पूड घरची असली तरी विषारी आहे. डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, नजर अंधूक होते. फवारणीचं औषध तर मुळीच लावू नका, ते कातडीतून अंगात भिनतं.

✅ काय करावं
१) केसांना खोबरेल तेल लावून बारीक दातांच्या फणीनं विंचरा. नंतर शिकेकाईनं धुवा.
२) लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून दर ३ दिवसांनी, २ आठवडे विंचरा.
३) घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच दिवशी तपासा.

⚠️ पूड डोळ्यात गेलीच तर चोळू नका. १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.