पेटीतले बाळ आणि आईचे प्रश्न



आमच्या मंडळीतील एका भगिनीला बत्तिसाव्या आठवड्यातच मुलगा झाला. वजन अवघे दीड किलो. बाळाला काचेच्या पेटीत ठेवले होते, आणि शेजारचे यंत्र वाजले की आईचा जीव थाऱ्यावर राहत नसे. आम्ही भेटीस गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी डॉक्टरांना सारखे विचारते, म्हणून घरचे म्हणतात तुझा विश्वास कमी आहे. खरेच का हो, भाऊ?"

हाच प्रश्न आज आपण अभ्यासासाठी घेऊ.

सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वासाच्या दोन अडचणी संभवतात. पहिली फुप्फुसांची. त्यांतील बारीक वायुकोश श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून आत सरफॅक्टंट नावाचा पातळ थर असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. कारण १९५९ मध्येच कळले होते, पण उपाय हाती नव्हता. १९८० साली जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी हे द्रव्य बाळांच्या श्वासनलिकेत सोडून गुण आल्याचे प्रसिद्ध केले. आज गरजू बाळांना ते दिले जाते.

दुसरी अडचण मेंदूची. श्वास चालविणारे केंद्र कच्चे असल्यामुळे बाळ मध्येच श्वास घ्यायचे थांबते. हा खंड वीस सेकंद लांबला, किंवा त्याआधीच बाळ निळे पडले, तर काळजीचे असते. परिचारिका तळपाय चोळून बाळाला जागे करते. कॅफीनचे औषधही देतात. बहुतेक बाळांत मूळ तारीख जवळ येईतो हे थांबते. आणि यंत्राचा प्रत्येक आवाज संकटाचा नसतो. पायाची पट्टी सरकली तरी ते वाजते.

तपासण्यांचेही तसेच. टाळूवरून केलेली मेंदूची सोनोग्राफी दुखत नाही. तपासणी सांगितली म्हणजे काही बिघडलेच आहे असे नव्हे. बिघाड असल्यास तो वेळेत सापडावा यासाठी ती असते.

आता मोशेची गोष्ट आठवा. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात आईने बाळाला पेटाऱ्यात ठेवले, परंतु तेवढ्यावर ते घर थांबले नाही. बहीण दूर उभी राहून पाहत होती, आणि वेळ येताच तिने पुढे होऊन राजकन्येला प्रश्न विचारला. त्या प्रश्नामुळेच बाळ पुन्हा आईच्या कुशीत आले. पाहणे आणि विचारणे हा तेथे अविश्वास नव्हता. ती विश्वासाची सेवाच होती. त्या भगिनीला आम्ही हेच सांगितले.

महिन्याच्या आत बाळ घरी आले. घरच्यांनी उपकारस्तुतीची सभा ठरवली, ती नेमकी डोळ्यांच्या तपासणीच्या दिवशी. "बाळ चांगले पाहते आहे, आता पुन्हा दवाखाना कशाला?" असे आजीबाई म्हणाल्या. पण अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि उपचाराची वेळ टळली तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून पहिली तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत, फार लहान बाळांची त्याहून आधी, करावी लागते. आम्ही आजीबाईंना हात जोडून विनविले आणि सभा पुढील रविवारी घेतली. आईने त्या दिवशी निश्चिंत मनाने आभार मानले.

घरी बाळाचे ओठ निळे पडले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा श्वास थांबू लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. प्रार्थना वाटेतही करता येते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न :
१. मोशेच्या बहिणीने कोणती दोन कामे केली?
२. अशा आईला आपण नकळत कोणत्या शब्दांनी दुखावतो?
३. तपासणीच्या दिवशी तिच्यासोबत आपल्यापैकी कोण जाईल?