पेठेची पारख

आठवड्याच्या बाजारी बैल विकावयास निघालेला शेतकरी भांड्यांच्या आळीकडे वळत नाही. तो सरळ गुरांच्या बाजाराची वाट धरतो. आपला माल कोण घेणार आणि तो घेणारा कोठे भेटणार, हे त्यास पक्के ठाऊक असते. व्यापाराचे हे पहिले सूत्र होय. आज बाजाराचे रूप पालटले आहे. सूत्र मात्र तेच आहे.

मुलांनो, घरातील मोबाईलच्या पडद्यावर आज कितीतरी पेठा भरलेल्या असतात. लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झाले, फेसबुक २००४ मध्ये, यूट्यूब २००५ मध्ये, व्हॉट्सॲप २००९ मध्ये आणि इन्स्टाग्राम २०१० मध्ये. यांना आपण समाजमाध्यमे म्हणतो. येथे खाते उघडण्यास सहसा पैसे पडत नाहीत. म्हणून सर्वच ठिकाणी दुकान मांडावे, असा मोह व्यावसायिकास होतो. परंतु दुकान मांडणे निराळे आणि ते चालविणे निराळे. नवी चित्रे द्यावयाची, प्रश्नांना उत्तरे द्यावयाची, तक्रारींचे निवारण करावयाचे, यांत वेळ जातो. आणि लहान धंद्यात वेळ हेच मोठे भांडवल असते. एकट्याने पाच पेठा सांभाळू म्हटले, तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी गत होते.

मग निवड कशी करावी? नाशिक जिल्ह्यातील येवले हे गाव पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. हातमागावर एक पैठणी विणावयास कित्येक आठवडे, नक्षी दाट असल्यास कित्येक महिनेही लागतात. परंतु यंत्रावर विणलेले स्वस्त वस्त्रही पैठणी म्हणूनच खपविले जाते. अशा वेळी दूरच्या गिऱ्हाइकाच्या मनात एकच शंका असते : 'ही पैठणी खरी कशावरून?' हातमागाच्या पैठणीच्या पदरावरील नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते; यंत्रावरच्या वस्त्राच्या उलट बाजूस बहुधा सुटे धागे आढळतात. पदर उलटून दाखविला, की शंका फिटते. तेव्हा जेथे चालते चित्र दाखविता येते, ती इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबची पेठ या विणकरास उपयोगी पडेल.

कोल्हापुरात ओतीव लोखंडाचे यंत्रभाग तयार करणारे कारखाने आहेत. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या कारखान्यांतील अभियंते व खरेदी-अधिकारी. नोकरी-व्यवसायानिमित्त एकत्र येणाऱ्या लोकांची पेठ लिंक्डइन ही असल्यामुळे त्यांची गाठ तेथे पडण्याचा संभव अधिक. याउलट, आपल्याच पेठेत पोळीभाजीचे डबे पोहोचविणाऱ्या बाईंना सातासमुद्रापलीकडच्या प्रेक्षकांचा काय उपयोग? त्यांना व्हॉट्सॲप पुरे. लहान व्यावसायिकांसाठी २०१८ मध्ये निघालेल्या त्याच्या निराळ्या ॲपवर पदार्थांची चित्रे व किमती मांडता येतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. या पेठांची जागा आपली नसते. ती दुसऱ्याच्या मालकीची असते. ऑर्कुट ही एकेकाळची गजबजलेली पेठ २०१४ मध्ये बंद झाली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. त्या एका पेठेवरच ज्यांची भिस्त होती, त्यांची वर्षांची मेहनत एका दिवसात दृष्टीआड झाली. म्हणून शहाणा व्यापारी आपल्या गिऱ्हाइकांची नावे व पत्ते, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत टिपून ठेवतो. पेठ उठली तरी वही हाती राहते.

सारांश, आपले गिऱ्हाईक कोठे आहे, काय पाहिल्यावर त्याचा विश्वास बसेल आणि तेथे नेमाने हजर राहणे आपल्याने होईल काय, हे तीन प्रश्न स्वतःस विचारावे व मगच पेठ निवडावी. चांगली पेठ गिऱ्हाइकास दारापर्यंत आणते; त्याला पुन्हा आणण्याचे सामर्थ्य मात्र सचोटीतच असते.

स्वाध्याय

१. सर्व पेठांत दुकान मांडणे लहान व्यावसायिकास का परवडत नाही?
२. पैठणीचा पदर उलटून दाखविल्याने काय साधते?
३. 'पेठ उठली तरी वही हाती राहते', या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील एखाद्या व्यवसायास कोणती पेठ योग्य, ते कारणांसह लिहा.