मागच्या सीटवरून सांगते

नांदेड-लातूर रस्त्यावर आमच्यासारखी जोडपी पुष्कळ आहेत. एकाची नोकरी इकडे, दुसऱ्याची तिकडे, मुलं आणि वडीलधारी माणसं एका गावी, आणि संसार शनिवार-रविवारी. मी नांदेडला शाळेत शिकवते, हे लातूरला नोकरीला. शनिवारी संध्याकाळी हे मोटरसायकलने नांदेडला यायचे आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं पुन्हा त्याच गाडीवर बाहेर पडायचो. मुलं सासूबाईंजवळ. कंधारचा किल्ला, देगलूरकडची होट्टलची मंदिरं, उदगीर, खरोशाची लेणी, वडवळ नागनाथचं वनौषधींचं बेट, हे सगळं आम्ही असंच पाहिलं. आठवडाभर फोनवर अर्धवट राहिलेलं बोलणं गाडीवर पुरं व्हायचं. ज्यांचं घर दोन गावांत वाटलं गेलंय त्यांना या तासांची किंमत सांगायला नको.

पुढे या फिरण्याला कामाची जोड मिळाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. ते दिवस ज्यांनी लातुरात काढले त्यांना पाण्याकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, आणि २०१८ च्या महाराष्ट्र दिनाला शहरातली माणसं जलमित्र म्हणून गावोगाव महाश्रमदानाला गेली. आम्हीही गेलो. कुदळ-पाटी हातात घेऊन समतल चर खोदले, आणि त्या दिवशी एकमेकांकडे बघताना आम्हा दोघांनाही जे वाटलं ते कुठल्याही किल्ल्यावर वाटलं नव्हतं. मग अहमदपूर तालुक्यातल्या एका गावाशी नातं जुळलं. तिथे पावसाळ्यात कडुनिंब, करंज, चिंच लावली. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे झाड लावतो म्हटलं की कोणी नको म्हणत नाही.

जुलैत खड्ड्याभोवती गर्दी असते. फेब्रुवारीत त्याच झाडाला पाणी घालायला माणूस सापडत नाही. गावातल्या एक आजी मला पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, "ताई, लावून समदे जातेत. पाणी कोण घालावं?" त्या प्रश्नामुळेच आम्ही हिवाळ्यानंतरही जात राहिलो. फेब्रुवारीतल्या अशाच एका रविवारी दिवसभर पाणी घालून, काटेरी कुंपणं नीट करून परत निघालो. अंधार पडला होता. अहमदपूर आणि लोह्याच्या मध्ये उसाने भरलेली ट्रॉली टायर फुटून रस्त्यावरच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकांना दगडांचा टेकू. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर होता. ट्रॉली दिसली तेव्हा अंतर फार थोडं उरलं होतं. ह्यांनी ब्रेक लावला, गाडी खडीवर घसरली आणि आम्ही दोघं पडलो. ह्यांना खरचटलं. माझं हसळीचं हाड आणि मनगट मोडलं. हेल्मेटवर कानशिलाच्या जागी खोल ओरखडा आहे. ते हेल्मेट नसतं तर हे लिहायला मी नसते.

शेतात पाणी द्यायला आलेली दोन माणसं धावत आली. त्यांनी मला उचलून बसवण्याची घाई केली नाही, १०८ ला फोन केला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एक जण रस्त्यावर बॅटरी हलवत उभा राहिला, मागून येणारं वाहन आमच्यावर येऊ नये म्हणून. त्यांची नावंही आम्हाला नीट कळली नाहीत. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, पोलिसांना नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तसं कलमच आलं आहे. हे गावागावांत माहीत व्हायला हवं. भीतीपोटी बाजूने निघून जाणारी माणसं वाईट नसतात, त्यांना कोणी हे सांगितलेलं नसतं.

प्लास्टरमध्ये हात असताना विचार करायला वेळ मिळाला. ट्रॉलीवाल्याची चूक उघड आहे आणि तिच्याबद्दल मला आजही राग आहे. पण रस्त्यावर काय उभं असेल ते आपल्या हातात नसतं. आपल्या हातात असतं ते किती वाजता, किती थकलेल्या अंगाने त्या रस्त्यावर असायचं. एक माणूस शनिवारी कार्यालय सुटल्यावर लातूरहून नांदेडला गाडी चालवत येतो, रविवारी पहाटे पुन्हा निघतो, दिवसभर बादल्या उचलतो आणि अंधारात परत येतो. मागे बसलेली बाईही तेवढीच दमलेली असते, तिचेही डोळे मिटत असतात. श्रमदानाचा थकवा गोड असतो, म्हणून तो थकवा आहे हेच कळत नाही. सहलीवरून येताना आपण थांबतो, चहा घेतो, मुक्काम करतो. सेवेवरून येताना मात्र चांगलं काम करून आल्याच्या भरात सरळ घर गाठायला बघतो. शनिवार-रविवारी गाडीवर निघून गावात काम करणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी हेच पहिल्यांदा सांगते: लांबचा रस्ता आणि अंगमेहनतीचं काम एकाच दिवसात बसवू नका.

आम्ही आता ते वेगळं केलं आहे. कामासाठी नांदेडपासून अर्ध्या-पाऊण तासावरचं गाव घेतलं. अहमदपूरकडच्या झाडांची जबाबदारी तिथल्या बचत गटातल्या बायकांनी घेतली, आम्ही पाण्याच्या टँकरचा वाटा उचलतो. ज्या आठवड्यात काम असतं त्या शनिवारी हे एसटीने येतात, गाडी लातूरलाच राहते, आणि गावापर्यंत आम्ही माझ्या स्कूटरवर जातो. फिरण्याचा रविवार निराळा असतो आणि त्या दिवशी कुठेही काम काढायचं नाही. एक रविवार पूर्ण घरचा, मुलांचा आणि सासूबाईंचा. सेवेच्या नावाने घरातल्या माणसांवर भार टाकून बाहेर पडणं मला पटत नाही; मुलांना सांभाळणाऱ्या त्या बाईलाही रविवार असतो.

आता रस्त्याबद्दल, कारण या भागाचा रस्ता महिन्या-महिन्याला बदलतो. दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत उसाचा हंगाम. नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा टप्पा आता चांगला झाला आहे, आणि चांगल्या रस्त्यावर वेग नकळत वाढतो. त्याच रस्त्याला शेतातून ट्रॅक्टर थेट येऊन मिळतात, दुभाजकाच्या फटीपर्यंत उलट्या बाजूने येतात. टायर बदलून ट्रॉली निघून जाते, पण टेकूचे दगड रस्त्यातच राहतात. सकाळच्या धुक्यात ते ट्रॉलीपेक्षा जास्त घात करतात. या महिन्यांत सूर्य मावळायच्या आत घरी पोचायचं, हा आमचा नियम. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची मळणी असते, तेव्हा आडरस्त्यांवर राशी आणि गुळी पसरलेली असते. तिच्यावर ब्रेक लागत नाही, म्हणून लांबूनच वेग उतरवायचा. शेतकऱ्याशी भांडू नका, त्याच्याकडे खळं उरलेलं नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर येतो. पहिल्या सरीत तो साबणासारखा होतो, आणि पांदण रस्त्यावर शिरलात तर मडगार्डमध्ये बसून चाकच अडवतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी मागे वळवा, पलीकडे कितीही माणसं हात करत असली तरी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हा काम सकाळी नऊ-साडेनऊला थांबवून दुपार गावातच काढावी.

मागे बसणाऱ्या बायकांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. कायद्याने हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे, आणि आयएसआय चिन्हाचं, हनुवटीखाली पट्टा लावलेलं हेल्मेटच कामाचं. डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं. ओढणी आणि पदर बसण्यापूर्वी खोचून घ्या. चाकात ओढणी जाऊन झालेले अपघात या भागात सगळ्यांनी ऐकलेले आहेत. दोन्हीकडे पाय टाकून बसा, कोणी काही म्हटलं तरी. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी न पिता तासन्‌तास बसून राहण्याची सवय बायकांना असते. ती मोडा. कुठल्या पेट्रोल पंपावर स्वच्छ, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह आहे हे आधीच ठरवून त्या अंतराने थांबे घ्या. आणि गाडी कधी थांबवायची हे ठरवण्याचा अधिकार मागच्या माणसालाही असतो. आमच्यात आता खांद्यावर दोनदा थोपटलं की वाद न घालता गाडी कडेला लागते.

रक्तदानालाही जोडपी हौसेने एकत्र जातात, उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा असतो तेव्हा तर जायलाच हवं. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. पण दोघांनी मिळून रक्त देऊन लगेच लांबच्या रस्त्याला लागू नये. त्या दिवशी घरी जावं, पाणी प्यावं, आराम करावा.

जोडप्याने मिळून काम करण्याचा खरा फायदा मला गावात कळला. पारावर ह्यांच्याशी माणसं बोलतात, आणि त्याच वेळी मला बायका चुलीजवळ बोलावतात. पारावर ठरलं होतं की झाडं गावाच्या कमानीपाशी लावायची. आतून बायकांनी सांगितलं की सावली हवी हातपंपाजवळ, जिथे उन्हात घागरी घेऊन उभं राहावं लागतं. एकटे हे गेले असते तर झाडं कमानीपाशीच लागली असती. अंबाजोगाईला १९८२ मध्ये मानवलोक ही संस्था उभी राहिली. तिथे डॉ. द्वारकादास लोहिया पाणी आणि शेतकऱ्याच्या प्रश्नांत होते आणि शैलाताई लोहिया मनस्विनी प्रकल्पातून घराबाहेर काढल्या गेलेल्या बायकांसोबत होत्या. दोन्ही कामं एकाच गावातल्या घराच्या दोन बाजू होत्या. लातूरला डॉ. अशोकराव कुकडे आणि डॉ. ज्योत्स्नाताई कुकडे १९६६ मध्ये आले, विवेकानंद रुग्णालय उभं केलं आणि इथलेच झाले. डॉ. कुकड्यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं, त्याला पाच दशकांहून अधिक काळ एका जागी राहिल्याचा आधार आहे. आपण रविवारचे कार्यकर्ते, आपल्याला तेवढं जमणार नाही. पण एकच गाव आणि ठरलेला रविवार एवढं तर जमतंच. दर वेळी नवं गाव, नवा फोटो, यातून गावाला काही मिळत नाही. गावात कोणी काही मागितलं तर जागेवर शब्द देऊ नका; "दोघं बोलून कळवतो" म्हणा. महिन्याला किती पैसे आणि किती वेळ द्यायचा ते आधी घरात ठरलेलं असावं, नाहीतर परतीच्या वाटेवर भांडण होतं, आणि भांडण मनात घेऊन गाडी चालवणं धोक्याचं असतं.

आपत्तीच्या वेळी विशेष जपा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मदतीला धावलेल्यांइतकीच बघायला आलेल्यांची गर्दी होती, असं तेव्हा तिथे काम केलेली माणसं आजही सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ या गावांत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या ओळखीच्या काही जोडप्यांनी दुसऱ्याच दिवशी गाडी काढायची तयारी केली होती. मी त्यांना थांबवलं. पाण्यात खचलेल्या रस्त्यावर तुमची मोटरसायकल अडकली तर बचाव पथकाचा एक माणूस तुमच्यात गुंततो. तहसील कार्यालयाला किंवा ग्रामपंचायतीला विचारा, काय हवं ते टेम्पोने पाठवा, जुन्या कपड्यांची गाठोडी नेऊ नका. आठ-पंधरा दिवसांनी, मदतीचा ओघ आटल्यावर, शाळेतल्या मुलांना वह्या आणि घरातला गाळ काढायला हात लागतात. तेव्हा जा.

शेवटी विम्याचं, कारण रुग्णालयाचं बिल भरताना ते आम्हाला कळलं. गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मालक-चालकासाठी १५ लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण असतं. त्याच गाडीवर मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी त्या पॉलिसीत येत नाही. २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. पॅकेज पॉलिसीत मागच्याची जबाबदारी येते, आणि थोडा जास्त हप्ता भरून मागच्या माणसासाठी वेगळं अपघात संरक्षणही जोडता येतं. आमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची होती. या भागात मोटरसायकल नवऱ्याच्या नावावर असते आणि मागे बायको बसते, म्हणजे विम्याबाहेर राहते ती बहुतेक वेळा बायकोच. पुढच्या रविवारी कुठेही निघायच्या आधी कपाटातली पॉलिसी काढा आणि तिच्यात मागे बसणाऱ्याबद्दल काय लिहिलंय ते दोघांनी मिळून वाचा.