आकाशातील अंतर

खरवई हे ठाणे जिल्ह्यातील बदलापूरजवळचे गाव. मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री बदलापुरावरून धडधडत पुढे जाते. त्याच वेळी वर पाहिले, तर आकाशात विमानांचे दिवे लुकलुकताना दिसतात. समजा, खालची गाडी आणि वरचे विमान दोन्ही कोल्हापूरलाच निघाली आहेत. मग दोघांनाही सारखेच अंतर तोडावे लागेल काय?

लोहमार्गाने मुंबई ते कोल्हापूर हे अंतर ५१८ किलोमीटर आहे. गाडीला बोरघाट चढावा लागतो, पुणे व सातारा या वाटेने मिरज गाठावी लागते आणि तेथून पुन्हा पश्चिमेकडे वळावे लागते. विमानाला ना डोंगर आडवा येतो, ना नदी. नकाशावर या दोन शहरांच्या विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला, तर अंतर भरते सुमारे ३०० किलोमीटर.

आता वेळेचा हिशेब करू. विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला, तर ३०० किलोमीटरना ३६ मिनिटे लागावीत. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ तासभर लागतो. असे का व्हावे? विमान आधी धावपट्टीवर धावते, मग हळूहळू उंच चढते. उतरतानाही त्याला वेग कमी करावा लागतो, वळसा घ्यावा लागतो आणि कधी आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. शिवाय वारा आहेच. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा वाहत असेल, तर जमिनीच्या मानाने विमानाचा वेग ४५० होतो व ३६ मिनिटांची ४० होतात. तोच वारा पाठीमागून आला, तर ३३ मिनिटे पुरतात.

निसर्गापुढे विमानालाही नमते घ्यावे लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून जुहू येथे विमान उतरविले. पण पावसाळा आला की जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मग विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे.

२६ जुलै २०१९ च्या रात्री याच निसर्गाने आगगाडीची वाट अडविली. बदलापूर सोडून महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीच्या दिशेने निघाली आणि उल्हास नदीच्या पुरात अडकली. रुळांवर पाणी, दोन्ही बाजूंना पाणी, आणि गाडीत सुमारे १,०५० प्रवासी. त्यांत लहान मुले होती, गर्भवती स्त्रियाही होत्या. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान बोटी घेऊन आले. नौदलाची माणसे व हेलिकॉप्टरे आली. आसपासचे गावकरी मदतीस धावले. सर्व प्रवासी सुखरूप बाहेर पडले. पुढे कल्याणहून दुसऱ्या गाडीने त्यांना कोल्हापूरकडे पाठविण्यात आले.

त्या बोटींनी तोडलेले अंतर थोडेच होते. पण त्या दिवशी त्याहून मोलाचा प्रवास दुसरा नव्हता. अंतर नकाशावर मोजता येते, वेळ घड्याळावर मोजता येते. परंतु संकटात सापडलेल्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचणे, हीच गतीची खरी कसोटी होय.

स्वाध्याय

१. लोहमार्गाचे अंतर हवाई अंतराहून अधिक का भरते?
२. विमानाला हिशेबाहून जास्त वेळ लागण्याची तीन कारणे सांगा.
३. ‘अंतर तोडणे’ आणि ‘नमते घेणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.