विसराळूपणाच्या रक्तचाचण्या : खर्च कशावर, किती आणि आधी काय

घरातलं वडीलधारं माणूस एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारतं, लाइट बिल दोनदा भरतं, पण बाजारहाट आणि स्वतःचं सगळं स्वतः उरकतं. अशा वेळी डॉक्टरांच्या तोंडी ‘एमसीआय’ (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, म्हणजे स्मरणशक्तीतली सौम्य घट) हा शब्द येतो आणि घरचे थेट अल्झायमरची चाचणी शोधू लागतात. खर्चाची सुरुवात तिथून करू नका.

पहिलं काम फुकटातलं. चालू गोळ्यांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. झोपेच्या, सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या आणि लघवी आवरण्याच्या काही गोळ्यांनीही स्मरणशक्ती मंदावते.

मग नेहमीचं रक्त : सीबीसी, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, साखर, क्रिएटिनिन, सोडियम, कॅल्शियम. खासगी लॅबमध्ये सुटं केलं तर ढोबळमानाने दोन-तीन हजार, सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात बरंच कमी. ‘८० चाचण्यां’च्या पॅकेजला भुलू नका, त्यात एकट्या सीबीसीचेच वीसेक आकडे सुटे मोजलेले असतात. यादीत बी-१२ आणि टीएसएच आहे का, तेवढं बघा. या दोन्हींतला बिघाड स्वस्त औषधांनी सुधारतो, म्हणून इथे हात आखडू नका. शाकाहारी असाल, मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-१२ हमखास तपासा. तेही इंजेक्शन घेण्याआधी, कारण नंतरचा आकडा फुगलेला येतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आधी सांगा. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

डॉक्टरांनी सांगितलं तर मेंदूचा एमआरआय : खासगीत साधारण पाच ते दहा हजार.

आता पी-टाऊ २१७. मेंदूत अल्झायमरमध्ये दिसणारे अमायलॉइड प्रथिनाचे थर साचलेत का, याचा अंदाज ही चाचणी देते. अमेरिकेच्या एफडीएने मे २०२५मध्ये फुजिरेबिओ कंपनीच्या अशा पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. ती ५५ वर्षांवरच्या, त्रास जाणवणाऱ्या आणि तज्ज्ञाकडे दाखवलेल्या रुग्णांसाठी आहे. धडधाकट माणसाने हौसेने करण्यासाठी नव्हे. ४९९ जणांच्या अभ्यासात पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्क्यांच्या मेंदूत थर खरोखरच आढळले, निगेटिव्हपैकी ९७.३ टक्क्यांत नव्हते. पण जवळपास पाचांत एकाचा रिपोर्ट ‘धड ना इकडे, धड ना तिकडे’ आला. शिवाय किडनी अधू असेल तर पी-टाऊचा आकडा उगाच वाढतो. क्रिएटिनिन आधी करायचं ते यासाठीही.

आपल्याकडे या जातीच्या चाचण्यांचं बिल हजारांत जातं आणि नुसत्या ओपीडी तपासणीला बहुतेक मेडिक्लेम हात लावत नाही. पैसे भरण्याआधी न्यूरोलॉजिस्टना एवढंच विचारा : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर उपचारात काय बदलेल? आणि अधांतरी आला, तर पुढे पेट स्कॅन किंवा पाठीतून पाणी काढणं आलं. तो खर्च याच हिशेबात आत्ताच धरा.