पिकाच्या राखणीस बंदूक धरणाराची लायकी

हरभऱ्यास घाटे धरूं लागले कीं रोह्यांच्या व रानडुकरांच्या तक्रारी आमच्याकडे येऊं लागतात, आणि त्यांबरोबर बंदूकवाला कोठें मिळेल असा प्रश्नहि येतो. मिळणाऱ्या माणसाची लायकी कशी पाहावी, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. सबब त्याविषयीं येथें थोडें लिहितों.

प्रथम कायदा. मुंबई राज्यांत 1951 च्या कायद्याखालीं फी भरून लहान व मोठ्या शिकारीचे परवाने मिळत. 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम व त्यांतील 1991 ची दुरुस्ती यांनीं हौशी शिकारीचें दार बंद केलें. शेतकऱ्यास उरलें तें कलम 11. काळवीट व चिंकारा हे पहिल्या अनुसूचींतले; त्यांनीं पीक खाल्लें एवढ्या कारणावर त्यांस मारण्याची परवानगी मिळत नाहीं. इतर अनुसूचींतील जनावर उभ्या पिकास घातक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊं शकतो. रोही व रानडुक्कर यांसाठीं महाराष्ट्रांत 2015 पासून वनक्षेत्रपालाकडे अर्ज करतां येतो.

खरी अडचण येथून पुढें आहे. रोह्याचा नर निळसर करडा, तो सहज ओळखतां येतो. मादी पिंगट व बिनशिंगी. काळविटाची मादीहि पिंगट व बहुधा बिनशिंगीच. उघड्या माळावर एक गोऱ्ह्याएवढी व दुसरी शेळीएवढी दिसेल. पण रात्रीं विजेरीच्या उजेडांत, ज्वारीच्या ताटांतून नुसतें डोकें दिसलें, तर अंगाचा अदमास कशानें घ्यावा? गोळी सुटल्यावर चूक कळली तर पहिल्या अनुसूचीच्या अपराधास किमान तीन व कमाल सात वर्षें कैद आहे. सुप्याच्या व करमाळ्याच्या बाजूच्या वाचकांनीं हें विशेष ध्यानीं धरावें.

2016 च्या शस्त्र नियमांनीं परवाना घेणारास शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला आवश्यक केला, हें ठीकच झालें. परंतु तो पाठ हत्याराचा आहे. विलायतेंत सरकारी वनांत हरणें मारूं इच्छिणारास बहुधा हरिण-शिकारीचा पहिल्या पायरीचा दाखला मागतात. त्यांत लेखी परीक्षा, जनावरांची ओळख, सुरक्षितता व निशाणबाजी हीं सर्व येतात. जर्मनींत तर शिकाऱ्याची परीक्षा इतकी कठीण, कीं लोक थट्टेनें तिला 'हिरवी मॅट्रिक' म्हणतात. नॉर्वेंत मोठी शिकार करणारास दर वर्षीं तीस गोळ्यांचा सराव करून मग पांच गोळ्यांची कसोटी द्यावी लागते. एकदां उत्तीर्ण झालेला हात व डोळा पुढें तसाच राहतो, असें तेथें कोणी गृहीत धरीत नाहीं. आपल्याकडेहि वनखात्यानें परवानगीबरोबर अशी कसोटी जोडावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. हौसेची शिकार बंद असल्यानें सराव कमी झाला आहे, म्हणून तिची गरज येथें अधिकच.

तोंवर शेतकऱ्यानें स्वतःच परीक्षक व्हावें. येणाऱ्या गृहस्थास दिवसां शेत दाखवावें आणि गोळी चुकली तर ती कोठें जाईल, हें विचारावें. बांधाच्या किंवा टेकाडाच्या मातींत रुतेल असें उत्तर आलें तर ठीक. मागें वस्ती, रस्ता किंवा शेजाऱ्याची मोट-विहीर असतां जो 'काळजी नको' म्हणेल, त्यास चहा पाजून परत पाठवावें. बारीक छऱ्यांनीं मोठें जनावर मारण्याचा बेत ऐकूं नये. त्यानें तें जखमी होऊन निसटतें, आणि जखमी डुक्कर सकाळीं निंदणीस आलेल्या बायकांवर धांवतें. जखमी जनावराचा माग काढण्याचें पत्करील त्यासच बोलवावें. परवानगीचा कागद व बंदुकीचा परवाना दोन्ही वाचून पाहावे. जनावराचें नांव, मुदत व क्षेत्र जुळलें पाहिजे.

मारलेलें जनावर सरकारी मालमत्ता होते. वाटे घालण्याचा विचारहि करूं नये. तत्काळ वनरक्षकास कळवावें. झालेल्या नुकसानीचा अर्ज व पंचनामा मात्र निराळा करावा लागतो, आणि तो पीक काढण्यापूर्वींच झाला पाहिजे.