रविवर्म्याची तसबीर: आधी भिंग, मग भाव

जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरलं की भांडी, कपाटं, झोपाळा यांची वाटणी शांतपणे होते. मग माळ्यावरून काच तडकलेली सरस्वती खाली येते आणि कुणीतरी म्हणतं, ‘अरे, हा रविवर्मा आहे, लाखोंचा असेल.’ तिथून पुढे भावंडांचा आवाज बदलतो. या आशेला कारणही आहे. राजा रविवर्मांचं ‘यशोदा-कृष्ण’ 2023 मध्ये पंडोल्स या मुंबईच्या लिलावगृहात 38 कोटी रुपयांना गेलं, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. पण ते कॅनव्हासवरचं तैलचित्र होतं. घराघरांत आहेत त्या छापील तसबिरी. त्यांचा बाजार वेगळा आणि हिशेबही वेगळा.

रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ कार्ला-मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. रविवर्मा 1906 मध्ये गेले, छपाई मात्र पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. म्हणून चित्रात कोपऱ्यात ‘रविवर्मा’ अशी सही आणि साल दिसलं तरी हुरळून जाऊ नका. ती सही मूळ चित्रावरची, छपाईत उतरलेली. सालही मूळ चित्राचं. तुमच्या हातातला कागद त्यानंतर तीस वर्षांनी छापलेला असू शकतो.

मूल्यांकन करणाऱ्याला फोन करण्याआधी दोनशे ते पाचशे रुपयांचं दहापट भिंग आणा, सोनार वापरतात तसलं. काचेबाहेरूनही काम भागतं. त्या काळची शिळाछपाई म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि दगडावर कारागिराने हाताने मारलेले ठिपके. भिंगाखाली ते वेडेवाकडे, लहानमोठे, एकमेकांवर चढलेले दिसतात. गालावर गुलाबी, पिवळे, तपकिरी ठिपके मोजून काढता येतील इतके सुटे असतात. याउलट ठिपके शिस्तीत, जाळीसारखे, फुलाच्या आकारात बसलेले दिसले तर ती नंतरची ऑफसेट छपाई. आणि पिठासारखा बारीक फवारा दिसला तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली डिजिटल प्रत, मग चौकट कितीही शिसवी असो. जुन्या चौकटीत नवी प्रत बसवून विकणं ही बाजारातली जुनी युक्ती आहे.

ओलिओग्राफ म्हणतात तो याच छपाईचा एक प्रकार. वर वार्निश आणि कागदाला कॅनव्हाससारखी दाबून आणलेली वीण, म्हणजे लांबून तैलचित्र वाटावं. तिरप्या उजेडात वीण दिसते, आणि वार्निश पिवळं पडल्यामुळे देवीचा गोरा रंग मधासारखा झालेला असतो. तीनचारशे रुपयांची अतिनील टॉर्च मिळाली तर अंधारात कागदाची मागची बाजू पाहा. साधारण 1950 नंतरच्या कागदांत पांढरेपणासाठी घातलेली रसायनं या उजेडात निळसर झळकतात. जुना कागद मंद राहतो.

आता खालची पट्टी. इथेच निम्मी किंमत ठरते आणि नेमकी हीच पट्टी आपल्या लोकांनी चौकटीत बसवण्यासाठी कापून टाकलेली असते. चित्राचं नाव, छापखान्याचं नाव, गाव, कधी क्रमांक, हे सगळं तिथे. ‘रविवर्मा प्रेस’सोबत मुंबई आहे की कार्ला-लोणावळा, यावरून आधीची छपाई की नंतरची याचा अंदाज येतो. मुंबईतल्या मोतीबाजारच्या अनंत शिवाजी देसाई यांचं नावही पुष्कळ प्रतींवर सापडतं. ते प्रकाशक-विक्रेते, चित्रकार नव्हेत. ‘जर्मनीत छापलेलं’ असा इंग्रजी मजकूर असला तरी निराश होऊ नका, भारतीय बाजारासाठी तिकडे भरपूर छपाई होत असे.

आणि सगळं रविवर्म्याच्या खात्यावर घालायची घाई नको. पुण्याची चित्रशाळा 1878 ची, म्हणजे रविवर्म्यांच्या छापखान्याच्या कितीतरी आधीची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारातून निघालेली. तिची रामपंचायतनं आणि पेशवाईवरची चित्रं आज रविवर्म्याच्या लक्ष्मीपेक्षा दुर्मिळ आहेत. ‘चित्रशाळा, पुणे’ हे शब्द दिसले तर ती तसबीर वाटणीत पटकन कुणाला देऊन मोकळे होऊ नका. चित्रकार धुरंधरांच्या चित्रांच्या छपाईला ओळखणारे ग्राहक आहेत. मुळगावकर आणि दलाल या चित्रकारांची चित्रं बहुतेक कॅलेंडरं, दिवाळी अंक आणि मुखपृष्ठांवरची. त्यांच्यावर माझा स्वतःचा जीव आहे, पण त्या छापील पानांचा भाव अजून शेकड्यांत किंवा फार तर हजार-दोन हजारांत राहतो. मूळ हाताने रंगवलेलं चित्र निघालं तर गोष्ट निराळी.

भावाचे आकडे ढोबळच समजा, कारण हा बाजार विषय, अवस्था आणि त्या दिवशीचा ग्राहक यांवर हलतो. कडा कापलेली, डागाळलेली नेहमीची लक्ष्मी किंवा सरस्वती जुन्या बाजारातला विक्रेता तुमच्याकडून दोन ते पाच हजारांना घेईल आणि दुप्पट-तिप्पट सांगेल. खालची पट्टी शाबूत, रंग ताजे, वाळवी नाही, अशी प्रत दहा ते चाळीस हजारांच्या दरम्यान जाऊ शकते. साडीवर खरी जरी, टिकल्या, मणी शिवलेली किंवा चिकटवलेली जुनी प्रत, आणि विषय जरा वेगळा, म्हणजे मोहिनी, मेनका-विश्वामित्र, दमयंती यांपैकी, तर लिलावात पन्नास हजार ते लाखाच्या पुढेही बोली लागू शकते. लक्ष्मी-सरस्वती सगळ्यांत जास्त छापल्या गेल्या, म्हणून त्या स्वस्त. आकाराने मोठी म्हणजे महाग असंही नेहमी नसतं. साबणाच्या किंवा औषधाच्या जाहिरातीची जुनी कॅलेंडरं आणि मँचेस्टरच्या कापडाच्या गठ्ठ्यांवरची चित्रलेबलं छोटी असूनही गोळा करणारे त्यांच्या मागे असतात. माळ्यावरच्या ट्रंकेत लेबलं असतील तर रद्दीत घालू नका.

इंटरनेटवर दिसणारी किंमत ही मागितलेली किंमत असते. मिळालेली किंमत पाहायची तर लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर मागच्या विक्रीचे निकाल असतात. तेच चित्र, तोच आकार, तीच अवस्था शोधा. याला वेळ लागतो, पैसे लागत नाहीत.

सगळ्यांत मोठं नुकसान विक्रीआधीच्या ‘जरा स्वच्छ करून घेऊ’ या वाक्याने होतं. ओल्या फडक्याने वार्निश पांढरं पडतं. जरीवर ब्रश फिरवला की शंभर वर्षं टिकलेले मणी फरशीवर. कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याने जुनी फळी काढून नव्या हार्डबोर्डवर गोंदाने चित्र चिकटवलं, किंवा वर लॅमिनेशन मारलं, तर चाळीस हजारांची वस्तू चार हजारांची होते, आणि त्यासाठी तुम्ही हजार रुपये मोजलेले असतात. चौकट उघडायचीच असेल तर आधी पुढून-मागून फोटो काढा. मागच्या कागदावर फ्रेमवाल्याची जुनी चिठ्ठी, पत्ता, पेन्सिलचं साल असेल तर ते जपा, त्यावरून वय सांगता येतं.

घरी ठेवायचं ठरलं तर वीस बाय चौदा इंचाच्या तसबिरीला आम्लरहित माउंट, अतिनील किरण अडवणारी ॲक्रिलिक काच आणि बंद पाठ यांसाठी मोठ्या शहरात साधारण चार ते आठ हजार रुपये पडतात. साधी फ्रेम हजार-दोन हजारांत होते. ती घ्यायला हरकत नाही, फक्त चित्र कुठेही चिकटवू देऊ नका. फाटकं, किडलेलं चित्र कलासंवर्धकाकडेच न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र बाहेरच्या लोकांचीही कामं घेतं. लेखी अंदाजपत्रक मागा, आणि दुरुस्तीचा खर्च बाजारभावापेक्षा जास्त निघाला तर तो खर्च भावनेचा आहे हे मान्य करून करा. त्यात गैर काही नाही.

लेखी मूल्यांकन प्रत्येकाला लागत नाही. वाटणीत वाद असेल, विमा काढायचा असेल किंवा करासाठी कागद हवा असेल तरच प्राप्तिकर खात्याकडे नोंदलेला, कलाकृतींच्या वर्गातला मूल्यांकनकार गाठा आणि फी आधी ठरवा. फी किमतीच्या टक्क्यात सांगणारा माणूस किंमत वाढवून सांगेल. ठरावीक रकमेवर राजी होणारा बरा. मूल्यांकन करता करता ‘मीच घेतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. विकायचंच असेल तर लिलावगृहाला फोटो पाठवून प्राथमिक मत सहसा फुकट मिळतं. ते नाही म्हणाले तर समजा, वस्तू दुकानात विकायची आहे. लिलावात विकणाऱ्याकडून दलाली कापतात, साधारण दहा टक्के, वर विमा, फोटो, वाहतूक. घेणाऱ्यावरही वेगळा अधिभार असतो, म्हणून बातमीतला आकडा तुमच्या खात्यात येत नाही.

कराचं थोडक्यात. वारशाने मिळाल्यावर कर नाही. विकल्यावर मात्र भांडवली नफ्यावर कर लागतो, कारण कलाकृती वैयक्तिक वापरातली वस्तू मानली जात नाही. वाडवडिलांचा धारणकाल तुमच्यातच धरला जातो, तो चोवीस महिन्यांपेक्षा जास्त असल्याने नफा दीर्घ मुदतीचा. 23 जुलै 2024 पासून दर 12.5 टक्के, आणि 2001 च्या एप्रिलपूर्वीच्या वस्तूला त्या वेळचा बाजारभाव खरेदीकिंमत धरता येतो. आठ हजारांच्या लक्ष्मीसाठी यावर डोकेफोड नको. लाखाच्या मेनकेसाठी सीएला विचारा.

शेवटी अमेरिकेतली किंवा दुबईतली भावंडं. ‘माझा वाटा सुटकेसमध्ये घालून दे’ असं ती सहज म्हणतात. 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकृती देशाबाहेर नेता येत नाही, घरची असली तरी, आणि उल्लंघनाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. शंभरी ओलांडलेली वाटणारी तसबीर विमानतळावर अडली तर आजीची आठवण हा खुलासा चालत नाही. कमी जुनी आहे याची खात्री असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या. मुंबईत त्यांचं कार्यालय शीव किल्ल्यापाशी आहे. फोटो, मापं, चौकटीमागचा कागद आणि ओळखपत्र घेऊन जा, आणि प्रवासाची तारीख जवळ आली असताना जाऊ नका.